‘वीस एक’ आणि ‘ट्वेंटी-वन’ : इंग्रजी संख्यावाचन व संख्यालेखनाची मराठीच्या संदर्भात चिकित्सा

बीजशब्द : संख्यावाचन, संख्यालेखन, बालभारती, उलटा क्रम, अपूर्णांकवाचक विशेषणे, लाख-मिलियन

प्रास्ताविक

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पाठ्यपुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. एकवीस ते नव्याण्णव या संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’, ‘नव्वद नऊ’ अशा वाचण्याची पद्धत या पुस्तकाने पुढे आणली होती. वृत्तपत्रांतून टीका झाली, विधानसभेत त्याचे पडसाद उमटले आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावातील ‘वीस’ हाही विनोदाचा विषय झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी समितीची भूमिका मांडली. ती थोडक्यात अशी : मराठी संख्यानामांत जोडाक्षरे फार आहेत, त्यांचा उच्चारक्रम लेखनक्रमाच्या उलट आहे, दाक्षिणात्य भाषांत व इंग्रजीत हा क्रम सुलट आहे, शिवाय जुनी पद्धत रद्द केलेली नसून दोन्ही पर्याय खुले आहेत. १७ जुलै २०२३ रोजी डॉ. नारळीकरांचे निधन झाले. ‘गणितगप्पा’सारख्या पुस्तकांमधून गणित सामान्य वाचकाच्या जवळ नेणाऱ्या या विदुषीच्या भूमिकेची चिकित्सा त्या गदारोळात जशी व्हायला हवी होती तशी झाली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रस्तुत लेखाचा दृष्टिकोन गणिताच्या अध्यापकाचा नसून इंग्रजीच्या अध्यापकाचा आहे. ‘हे इंग्रजीचे अंधानुकरण आहे’ हा या वादातील सर्वाधिक ऐकू आलेला आक्षेप होता. ‘इंग्रजीत हे सोपे आहे’ हे समर्थनातील एक प्रमुख विधान होते. दोन्ही बाजूंनी इंग्रजीचा दाखला दिला, परंतु इंग्रजीत संख्या प्रत्यक्षात कशा बोलल्या व लिहिल्या जातात हे कोणीही तपासले नाही. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी, मराठी माध्यमातून वा सेमी-इंग्रजीतून पदवी वर्गापर्यंत आलेल्या विद्यार्थ्यांना शिकवताना हा प्रश्न रोज समोर येतो. महाराष्ट्रात इंग्रजी विषय इयत्ता पहिलीपासून २००० साली सुरू झाला. त्यानंतरच्या पिढ्यांना ‘वन टू हंड्रेड’ पाठ असते. पण चालू वाक्यात आलेली संख्या वाचताना हेच विद्यार्थी अडखळतात. यामागे केवळ स्पेलिंगचे अज्ञान आहे असे म्हणता येत नाही.

एकाच तक्रारीत दोन अडचणी

मराठी संख्यानामांविषयीच्या तक्रारीत वस्तुतः दोन वेगळ्या अडचणी एकत्र झालेल्या आहेत. पहिली क्रमाची. ४७ लिहिताना आपण आधी चार व मग सात लिहितो. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना मात्र आधी सात येतो. दुसरी अडचण रूपाची. ‘बावीस’मधील ‘बा’ म्हणजे दोन हे मुलाला शब्दावरून कळत नाही. ते संस्कृत ‘द्वाविंशति’मधील ‘द्व’चे प्राकृतातून झिजत आलेले रूप आहे. तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर या पाच शब्दांत ‘तीन’ कितीतरी वेषांत वावरतो. त्यात ‘एकोण’ची भर पडते. ऊन म्हणजे कमी, म्हणून एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. परंतु ही वजाबाकी एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्याण्णवला अचानक थांबते.

या दोन अडचणी स्वतंत्र आहेत, हे इतर भाषांकडे पाहिल्यावर ध्यानात येते. जर्मन भाषेत एकवीस हा शब्द ‘एक-आणि-वीस’ अशा अर्थाचा आहे. तेथे रूप पारदर्शक आहे, क्रम मात्र उलटा. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे. ऐकलेली संख्या अंकांत लिहिताना त्या मुलांनी केलेल्या चुकांपैकी सुमारे निम्म्या चुका या उलट्या क्रमाशी निगडित होत्या. याउलट चिनी भाषेत क्रम सुलट व रूपही पूर्ण पारदर्शक आहे : अकरा म्हणजे ‘दहा-एक’, एकवीस म्हणजे ‘दोन-दहा-एक’. चिनी व अमेरिकन बालकांची तुलना करणारा केव्हिन मिलर व सहकाऱ्यांचा १९९५ चा अभ्यास सांगतो की दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडच्या मुलांत फरक नसतो. अमेरिकन मुले मागे पडू लागतात ती दहाच्या पुढे.

दहाच्या पुढे म्हणजे नेमके जेथे इंग्रजी वाकडी होते तेथे. ‘इलेव्हन’ व ‘ट्वेल्व्ह’ हे शब्द जुन्या इंग्रजीत ‘एक उरला’, ‘दोन उरले’ अशा अर्थाचे होते; दहा मोजून झाल्यावर उरलेले. आजच्या इंग्रज मुलाला ते तितकेच अपारदर्शक आहेत जितके आपल्या मुलाला ‘बावीस’. ‘थर्टीन’ ते ‘नाईन्टीन’मध्ये तर एकक आधी व दहा नंतर, म्हणजे थेट मराठीचाच क्रम आहे. इंग्रजीचा सुलट क्रम वीसनंतर सुरू होतो. तोही मूळचा नव्हे. जुन्या इंग्रजीत चोवीसला ‘फोर अँड ट्वेंटी’ अशाच धर्तीचा शब्द होता. पुढे कित्येक शतके दोन्ही प्रकार शेजारी नांदले आणि हळूहळू ‘ट्वेंटी-फोर’ रूढ झाले. त्यासाठी कोणतेही मंडळ बसले नव्हते. त्यामुळे ‘इंग्रजीत सोपे आहे’ हे विधान अर्धेच खरे ठरते आणि ‘इंग्रजीची नक्कल’ हा आक्षेपही टिकत नाही. कानडीत ‘इप्पत्तोंदु’, तेलुगूत ‘इरवै ओकटि’ हे वीस-एकच आहेत. सोलापूर शहरातील तेलुगू भाषक विणकरांच्या घरात आणि अक्कलकोटकडच्या कानडी घरात हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या बोलला जातो. नक्कलच म्हणायची तर ती शेजाऱ्याची म्हणावी लागेल.

मंडळाने वा शासनाने संख्यानामे बदलल्याचे उदाहरण जगात नाही असेही नाही. नॉर्वेमध्ये १९५१ साली संसदेच्या निर्णयाने ‘एक-आणि-वीस’ऐवजी ‘वीस-एक’ असा क्रम अधिकृत करण्यात आला. त्यामागचे कारण गणित-शिक्षणाचे नव्हते, तर दूरध्वनीचे होते. क्रमांक सांगणारा व लिहून घेणारा यांच्यात उलट्या क्रमामुळे चुका होत होत्या. शाळा, रेडिओ व शासन यांनी नवा क्रम स्वीकारला. तरीही सात दशकांनंतर बोलण्यात जुना क्रम ऐकू येतोच. आपल्याकडे याच कारणाने हा बदल वादाविना घडून गेला आहे. भ्रमणध्वनीचा क्रमांक सांगताना आजचा मराठी तरुण एकेक अंक इंग्रजीत म्हणतो, मध्येच ‘डबल’ वा ‘ट्रिपल’ घालतो. जुनी माणसे ‘अठ्ठ्याण्णव, बावीस’ अशा जोड्या सांगतात आणि लिहून घेणारा नातू लेखणी उचलून ‘म्हणजे नाईन एट का?’ असे विचारतो. पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ छापून येण्याच्या कितीतरी आधी घराघरांत हे सुरू झाले होते.

‘वीस एक’ या रूपाची समीक्षा

बालभारतीच्या पर्यायावरील गंभीर आक्षेप परंपरेचा नसून मराठी व्याकरणाचा आहे. तो त्या वेळी फारसा पुढे आला नाही याचे आश्चर्य वाटते. मराठीत संख्येनंतर येणारा ‘एक’ अंदाज दर्शवतो. ‘वीसेक माणसे होती’, ‘शंभरेक पेंढ्या’, ‘दहा एक मिनिटे थांबा’ ही रूपे रोजच्या बोलण्यातील आहेत. म्हणजे ‘वीस एक’ या शब्दसमूहाला मराठीत आधीपासून अर्थ आहे, आणि तो ‘सुमारे वीस’ असा आहे. ज्या संख्येसाठी नेमकेपणा हवा तिला भाषेतील अनिश्चिततेचे रूप बहाल करणे हा या योजनेतील खरा दोष होय. ‘तीस एक’, ‘पन्नास एक’ या सर्वांना तो लागू पडतो. ‘वीस सात’ला तो लागू पडत नाही, पण तेथे दुसरी शंका उभी राहते : ही एक संख्या की वीस आणि सात अशा दोन?

इंग्रजीने ही शंका दोन प्रकारे मिटवली आहे. लेखनात ‘ट्वेंटी-वन’पासून ‘नाईन्टी-नाईन’पर्यंत मध्ये संयोगरेषा येते. ती शोभेची नाही. दोन शब्द मिळून एक संख्या झाल्याची ती खूण आहे. उच्चारात हे काम आघात करतो. कानडी-तेलुगूत संधी हेच काम करतो. ‘इप्पत्तु’ व ‘ओंदु’ मिळून ‘इप्पत्तोंदु’ असा एकच शब्द होतो. ज्या रूपात ‘वीस एक’ आपल्यासमोर आले त्यात ना रेषा होती, ना संधी, ना आघाताची सूचना. नवे नाव घडवताना ते ‘एक’ नाव कसे होईल याचा विचार कमी पडला. समितीने निदान अचूक केले होते; औषध मात्र मराठीच्या प्रकृतीला तपासून दिले नाही, असे म्हणावे लागते.

येथे एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. आपल्या पदवी वर्गांतील विद्यार्थी संयोगरेषा क्वचितच देतात, आणि आपण अध्यापकही ती नसल्याबद्दल गुण कापत नाही. ‘फॉर्टी’मध्ये ‘फोर’मधला ‘यू’ नसतो, ‘नाईन्थ’मध्ये ‘नाईन’चा शेवटचा ‘ई’ गळतो, ‘ट्वेल्फ्थ’मध्ये ‘व्ही’चा ‘एफ’ होतो, एवढे पाठ करून घेतले की संख्यालेखन संपले अशी आपली समजूत आहे. बाजारातील मार्गदर्शक पुस्तिकाही शंभरपर्यंतची यादी देऊन थांबतात.

सव्वा, दीड, अडीच

मराठी व इंग्रजी यांच्यातील खरी दरी शंभरच्या आतल्या नावांत नाही, ती अपूर्णांकांत आहे. सांगोला तालुका डाळिंबासाठी ओळखला जातो. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली होती. अशा मालाच्या सौद्यात भाव बोलले जातात ते ‘सव्वाशे’, ‘दीडशे’, ‘पावणेदोनशे’ असे. येथे प्रत्येक शब्दात एक छोटे गणित आहे. सव्वाशे म्हणजे शंभर व शंभराचा चौथा भाग. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला शंभराचा चौथा भाग कमी. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर. ‘सव्वा’ हा मोठ्या एककाचा पाव भाग आहे. म्हणून एककाचा आकार बदलला की ‘सव्वा’चे मूल्य बदलते : सव्वाचारमध्ये तो पाव, सव्वाचारशेमध्ये पंचवीस, सव्वाचार लाखांत पंचवीस हजार. जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी पाठ करून घेत असत. ती घोकंपट्टी गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही; परंतु तिच्यामागची विचारपद्धती भाषेत अजून जिवंत आहे आणि इंग्रजी वर्गात तिची कोणी दखल घेत नाही.

परिणाम असा की विद्यार्थी ‘सव्वा’चे भाषांतर करू पाहतो आणि इंग्रजी त्याला तीन ठिकाणी तीन वेगळे रस्ते दाखवते. घड्याळात सव्वादहा म्हणजे ‘क्वार्टर पास्ट टेन’. मापात सव्वा लीटर म्हणजे ‘वन अँड अ क्वार्टर लीटर्स’. पैशात सव्वाशे म्हणजे सरळ ‘वन हंड्रेड अँड ट्वेंटी-फाईव्ह’. तेथे पाव हा शब्दच उरत नाही. मराठीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द असल्याने ‘पावणेदोन लाख’चे ‘क्वार्टर टू टू लाख’ असे भाषांतर होते. हे भाषांतर हास्यास्पद वाटते, पण ते करणारा विद्यार्थी मतिमंद नसतो. उलट तो मराठीतला नियम इमानाने इंग्रजीत लावत असतो. ‘साडेदहा’ला ‘टेन अँड हाफ ओ’क्लॉक’ म्हणणाराही तेच करत असतो.

वचनाचा प्रश्नही येथेच येतो. मराठीत ‘दीड रुपया’, ‘सव्वा रुपया’ एकवचनी, आणि ‘अडीच रुपये’ अनेकवचनी. इंग्रजीला एकाच्या वर जे काही आहे ते अनेक वाटते, म्हणून ‘वन अँड अ हाफ रुपीज’, ‘वन अँड अ हाफ इयर्स’. आपल्या विद्यार्थ्यांच्या अर्जांत हमखास दिसणारे ‘वन अँड हाफ इयर’ हे त्यामुळे दुहेरी चुकीचे असते : ‘हाफ’आधीचा ‘अ’ गळतो आणि ‘इयर’चे अनेकवचन होत नाही. दोन्ही चुकांचे मूळ ‘दीड वर्ष’ या शुद्ध मराठीत आहे. हे कारण वर्गात एकदा सांगितले तर नियम दहा वेळा घोकण्याची गरज राहत नाही, असा अनुभव आहे. ‘दोन-तीन विद्यार्थी’चे ‘टू-थ्री स्टुडंट्स’ हेही याच जातीचे. इंग्रजीला मध्ये ‘ऑर’ लागतो. भारतीय इंग्रजीत ‘टू-थ्री’ इतके रुळले आहे की त्याला चूक म्हणण्याचा आग्रह किती धरावा, याविषयी मतभेद होऊ शकतील.

लाख आणि मिलियन

मोठ्या संख्यांच्या बाबतीत प्रश्न भाषेचा कमी व स्वल्पविरामाचा अधिक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. मराठीत ती त्रेचाळीस लाख सतरा हजार सातशे छप्पन्न. हीच संख्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने ४,३१७,७५६ अशी लिहिली की वाचन ‘फोर मिलियन, थ्री हंड्रेड अँड सेव्हन्टीन थाउजंड, सेव्हन हंड्रेड अँड फिफ्टी-सिक्स’ असे होते. ‘त्रेचाळीस’ ही जोडी फुटली. त्यातील चार एका गटात गेला आणि तीन दुसऱ्या गटात जाऊन सतराला चिकटला. अंक तेच, क्रम तोच, परंतु संख्येचे आकलन बदलले. विद्यार्थी येथे का अडखळतो ते आता उघड आहे. त्याने आधी मराठी जोडी मनात म्हटलेली असते.

आपली गटपद्धती ही अवैज्ञानिक किंवा मागासलेली आहे असा सूर कधी कधी ऐकू येतो, तो निराधार आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’मध्ये एक, दश, शत यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना स्वतंत्र नावे दिली आहेत. त्यांतील अयुत, प्रयुत, अर्बुद ही मधली नावे व्यवहारातून गळाली आणि हजार, लाख, कोटी, अब्ज ही एकाआड एक नावे राहिली; म्हणून आपले गट दोन-दोन अंकांचे झाले. इंग्रजीची स्वतःची स्थिती याहून निश्चित होती असेही नाही. ‘बिलियन’ म्हणजे ब्रिटनमध्ये दीर्घकाळ दहा खर्व, म्हणजे एकावर बारा शून्ये असा अर्थ होता, तर अमेरिकेत एकावर नऊ. ब्रिटिश सरकारने १९७४ मध्ये अमेरिकन अर्थ स्वीकारला. त्यापूर्वीचे ब्रिटिश ग्रंथ वाचणाऱ्या अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी हे ध्यानात ठेवणे इष्ट आहे. आजचा बिलियन म्हणजे आपला एक अब्ज, शंभर कोटी.

‘लाख’ व ‘क्रोर’ हे शब्द इंग्रजी कोशांत आहेत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्येही त्यांची नोंद आहे. म्हणून भारतीय वाचकासाठी लिहिलेल्या इंग्रजीत ‘टेन लाख’ लिहिणे ही चूक नव्हे. चूक होते ती दोन पद्धती एकाच परिच्छेदात मिसळल्यावर : शब्दांत लाख आणि अंकांत तीन-तीनचे गट. आपल्या महाविद्यालयीन शोधनिबंधांच्या तक्त्यांत हा प्रकार सर्रास आढळतो, कारण संगणकातील कोष्टक-प्रणाली परदेशी पद्धतीवर बेतलेली असते आणि ती बदलण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

अंकचिन्हांविषयी थोडेसे. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ (१) नुसार संघराज्याच्या शासकीय प्रयोजनांसाठी ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ वापरायचे आहे. या शब्दरचनेतच त्या अंकांचे मूळ भारतीय असल्याची कबुली आहे. मराठी मुद्रणात देवनागरी अंक टिकून आहेत ही समाधानाची गोष्ट होय. फक्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत देवनागरी १ व ९ घाईत सारखे दिसतात याकडे परीक्षकांचे लक्ष असावे.

उच्चाराचे काही मुद्दे

दशांश अपूर्णांकांचे वाचन हा स्वतंत्र विषय आहे. ३.१४ मराठीत ‘तीन पूर्णांक चौदा शतांश’ असे वाचले जाते व ते अचूक आहे, कारण ‘शतांश’ हा शब्द चौदाचे स्थान सांगतो. इंग्रजीत ‘थ्री पॉइंट वन फोर’. विद्यार्थी इंग्रजीचा ‘पॉइंट’ घेतो, मराठीचे ‘चौदा’ ठेवतो आणि ‘शतांश’ सोडून देतो. ‘थ्री पॉइंट फोर्टीन’ जन्माला येते. मग ३.५ पेक्षा ३.१४ मोठे वाटू लागते, कारण पाचपेक्षा चौदा मोठे. क्रेडिट पद्धतीतील गुणसरासरी सांगताना वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्याही तोंडून हे ऐकू येते. क्रिकेटच्या समालोचनाने या गोंधळात भर घातली असावी, तेथे १९.४ म्हणजे एकोणीस षटके व चार चेंडू, तो दशांश नव्हेच.

‘हंड्रेड’नंतरचा ‘अँड’ ब्रिटिश वाचनात येतो, अमेरिकन वाचनात बहुधा गळतो. आपण ब्रिटिश परंपरेचे असल्याने ‘वन हंड्रेड अँड फाईव्ह’ शिकवतो. ‘टू हंड्रेड’ला ‘एस’ लागत नाही, मात्र ‘हंड्रेड्स ऑफ पीपल’ला लागतो. वाक्याची सुरुवात अंकाने करू नये. हे सर्व नियम कोणत्याही व्याकरणात सापडतील, त्यांचा येथे विस्तार करत नाही.

परंतु ‘थर्टीन’ व ‘थर्टी’ यांच्यातील भेद मात्र विस्ताराने सांगावा असा आहे. इंग्रजीत हा भेद शेवटच्या ‘न’पेक्षा आघाताने अधिक ऐकू येतो. सुटा उच्चारला असता ‘थर्टीन’मध्ये जोर दुसऱ्या अवयवावर व स्वर दीर्घ, ‘थर्टी’मध्ये जोर पहिल्यावर. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून मराठी कान आघात टिपत नाही. तो फक्त ‘न’ शोधतो. पुढचा शब्द अनुनासिकाने सुरू होत असेल, उदाहरणार्थ ‘थर्टीन मेन’, तर तो ‘न’ही हरवतो. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस या सातही संख्यांना हा धोका आहे. मराठीत ‘तेरा’ व ‘तीस’ यांत कोणी गोंधळत नाही, किंवा ‘चौदा’ व ‘चाळीस’ यांतही नाही. ज्या अपारदर्शकतेबद्दल मराठी संख्यानामांना दोष दिला जातो, तीच येथे संरक्षण ठरते. प्रत्येक नाव इतके वेगळे आहे की बाजारच्या गलक्यातही ते ओळखू येते. ‘त्रेसष्ट’ अवघड आहे. पण एकदा शिकल्यावर तो दुसऱ्या कशासारखा ऐकू येत नाही. २०१९ च्या वादात हा गुण कोणी मोजला नाही. ‘एकोण’ मात्र अपवाद आहे, हे मान्य केले पाहिजे. ‘एकोणसत्तर’ ऐकून ‘सेव्हन्टी-नाईन’ लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांच्या कानावर ‘सत्तर’ स्पष्ट पडते, ‘एकोण’चा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नसतो. ‘साठ नऊ’ हा पर्याय निदान ‘एकोण’च्या आठ संख्यांपुरता सुचवला गेला असता, तर त्याचे स्वागत अधिक मोकळेपणाने झाले असते.

या साऱ्याचा संबंध व्यवहाराशी येतो तो धनादेशावर. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार अंकांतील व अक्षरांतील रकमेत तफावत असल्यास अक्षरांतील रक्कम ही देय रक्कम मानली जाते. एखाद्या शेतकरी कुटुंबातील मुलाने वडिलांच्या वतीने इंग्रजीत धनादेश लिहिताना अंकांत १४,००० आणि अक्षरांत ‘फोर्टीन’ऐवजी ‘फॉर्टी थाउजंड’ लिहिले, तर कायद्याच्या दृष्टीने तो धनादेश चाळीस हजारांचा आहे. प्रत्यक्षात बँक बहुधा तफावतीचे कारण नोंदवून तो परत करते, आणि सध्याच्या धनादेश-प्रणालीत रकमेत खाडाखोड चालत नसल्याने नवा धनादेश लिहावा लागतो. हाच धनादेश मराठीत लिहिला असता तर ‘चौदा’चे ‘चाळीस’ झाले नसते.